ऐकलेलं धरत नाही

१० जुलै, गुरुवार. आषाढी पौर्णिमा.

आजपासून विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालं. वाचणारा मीच. या वर्षी दुसरा कोणी पाहा, असं विहाराचं बघणाऱ्या प्रफुल्लला सांगायचं मनात होतं. पण त्यानं विचारलंच नाही. मी गेलो तेव्हा माईक माझ्या उंचीला लावून ठेवलेला होता.

साडेसात ते साडेआठ वाचलं. एकही उच्चार चुकला नाही. स्वल्पविरामाला जितकं थांबायचं तितकाच थांबलो. उतरल्यावर सदाशिवराव म्हणाले, "पंजाबराव, आवाज तसाच हाय बा तुमचा." मी हो म्हटलं.

घरी येऊन आज काय वाचलं ते आठवायला बसलो. आठवलं नाही.

मार्चमध्ये माझी बायको सत्यशीला गेली. डोक्यातली नस फुटली. मारेगावहून यवतमाळला पोचेपर्यंत सगळं झालं होतं. तेव्हापासून ही डायरी कोरी आहे. मधली पानं भरणार नाही. मागच्या तारखा टाकून लिहिणं मला मान्य नाही.

१३ जुलै, रविवार

रविवारी ग्रंथवाचन झालं की आमच्याकडे एक फेरी असते. ती मी सुरू केली, मुलगी उर्वशी पाचवीत होती तेव्हा. प्रत्येकानं उभं राहून सांगायचं: या आठवड्यात काय वाचलं आणि पुढं काय वाचणार. प्रफुल्ल शिक्षक आहे, अक्षर चांगलं आहे, म्हणून तो फळ्यावर लिहितो. नियम माझे. पुस्तकाचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव आणि त्यातली एक तरी गोष्ट सांगता आली पाहिजे. पेपरची पुरवणी चालते. "काही नाही" चालत नाही. आणि ऐकलेलं धरत नाही.

हा शेवटचा नियम सत्यशीलामुळे करावा लागला. ती दर रविवारी उठायची, पदर सारखा करायची आणि म्हणायची, "म्या काई वाचलं नाई. ह्याईनं वाचलं, ते ऐकलं." लोक हसायचे. मी म्हणायचो, ऐकलेलं धरत नाही. ती बसायची. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. सातवी पास होती, मनात आणलं असतं तर वाचता आलं असतं. फळ्यावर तिचं नाव एकदाही लागलं नाही.

आज माझी पाळी आली तेव्हा मी बोगद्यांचं पुस्तक सांगितलं. डोंगर दोन्ही टोकांकडून खणत आणतात आणि मधोमध माणसं एकमेकांना भेटतात, त्याचं गणित कसं करतात, ते नीट समजावलं. हे पुस्तक मी चार वर्षांपूर्वी वाचलेलं आहे. कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढं काय, तर दीपस्तंभांचं पुस्तक, असं सांगितलं. ते फळीवर आहे. अजून उघडलेलं नाही.

१६ जुलै, बुधवार

उर्वशी यवतमाळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. हल्ली रोज संध्याकाळी फोन करते आणि पहिला प्रश्न एकच. "बाबा, आज काय वाचलं?" त्यावर मी काहीतरी सांगतो. मग विचारते, "वाचता वाचता काय खाल्लं?" शाळेत असताना मी मागे लागलो तरी पुस्तक हातात धरत नव्हती. आता गोडी लागलेली दिसते. उशिरा का होईना, चांगलं आहे.

शेजारच्या शीलाबाईंनी आजही भाजी दिली. त्यांची नि आमची भिंत एकच. भाजी जास्त झाली म्हणाल्या. रोजच जास्त होते. इतकी वर्षं स्वयंपाक करून माणसाला माप जमत नाही, याचं मला नवल वाटतं. तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "होय ना भाऊजी, हात मोठा हाय माहा."

२० जुलै, रविवार

दीपस्तंभाचं पान एक चार वेळा वाचलं. अक्षरं दिसतात, शब्द कळतात, ओळ संपते, आत काही शिरत नाही. मोटारीला करंट आहे, आवाज आहे, आणि पाणी चढत नाही, तसं.

चष्म्याचा नंबर बदललेला असणार.

२४ जुलै, गुरुवार

मोटार रिवाइंडिंगचं दुकान बंद ठेवून यवतमाळला जाऊन डोळे तपासले. नंबर तोच निघाला. तपासणारा म्हणाला, बदलायची गरज नाही. मी म्हटलं, काचेवर बारीक ओरखडे असतील, तुम्ही नवा बनवा. बनवला. जुनाही जवळ ठेवला.

उर्वशीनं खानावळीत जेवू घातलं. माझ्याकडे बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "बाबा, तुमच्या कानावर पेन्सिल आहे." निघताना दुकानात डोकावलो, तिथून तशीच आली होती. मी सकाळी सगळीकडे शोधली. ती हसली आणि मग उठून हात धुवायला गेली. हात धुवायला तिला बराच वेळ लागला.

२७ जुलै, रविवार

नवा चष्मा लावून तेच. आज घरातला दिवा बदलला, पांढऱ्या उजेडाचा लावला. तरी तेच.

फेरीत दीपस्तंभाची माहिती दिली, पाठीमागच्या कव्हरावर होती तेवढी. शीलाबाईंनी दिवाळी अंकातली एक कथा सांगितली, लिहिणाऱ्याचं नाव विसरल्या. मी नियम मोडू दिला नाही, पुढच्या वेळी नावासकट सांगा म्हटलं. प्रफुल्लनं खडू खाली ठेवला. शीलाबाई बसल्या. पूर्वी भांडल्या असत्या.

८ ऑगस्ट, शुक्रवार

मधे लिहिण्यासारखं काही घडलं नाही. मोटारी येतात, त्या बांधतो. हात बरोबर चालतात. तारेचे फेरे मोजताना चूक होत नाही. म्हणजे डोकं ठीक आहे.

आज तांड्यावरचे उत्तमसिंग मोटार घेऊन आले. पाऊस उघडल्यामुळे कपाशीला पाणी देत होते, एक फेज गेला आणि मोटार जळली. बरोबर त्यांच्या घरच्या सुखीबाई. उत्तमसिंग भाव करत होते तेव्हा सुखीबाई बाकावर बसून माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या,

"भाऊ, त्या बाईचं काय झालं?"

"कोणती बाई?"

"बर्फातली हो. मशीनवाली. नदीवर येऊन उभी राह्यली होती ना. बर्फ खाली कडकड वाजून राह्यलं होतं. पुढं?"

उत्तमसिंग म्हणाले, "हिचं हेच चालू हाय चार महिने. मोटार जळली त्याचं नाई, पन ते बाई बुडली का काय, हे पाह्यजे."

"तुमी चूप बसा जी," सुखीबाई त्यांना म्हणाल्या.

सुखीबाई ज्या पुस्तकाबद्दल विचारत होत्या, त्याला नाव नाही. वणीच्या रद्दीच्या दुकानातून मी आणलं होतं. कव्हर नाही, पहिली बारा पानं नाहीत. कोणी लिहिलं, कोणी भाषांतर केलं, काही कळत नाही. एका थंड देशातली बाई. नवरा रेल्वेच्या कामावर फार दूर गेलेला. ती आपलं शिलाई मशीन बिनचाकाच्या गाडीवर बांधून बर्फातून त्याला शोधायला निघते. रात्रीच्या जेवणाआधी मी सत्यशीलाला मोठ्यानं वाचून दाखवत होतो. पान तेरापासून. ती विचारायची, सुरुवातीला काय असन? मी म्हणायचो, छापलेलं आहे तेवढंच वाचायचं.

नाव नाही, म्हणून हे पुस्तक मी फेरीत कधीच सांगितलं नाही. विहारात कोणाला माहीत असण्याचा प्रश्नच नाही. मग तांड्यावर कसं पोचलं?

सुखीबाईंना सांगितलं, अजून वाचून व्हायचं आहे.

"मंग वाचा ना," त्या म्हणाल्या.

९ ऑगस्ट, शनिवार

शीलाबाई भाजी द्यायला आल्या तेव्हा विचारलं. त्या दारातच थांबल्या.

"तुमाले खरंच माहीत नोतं, भाऊजी?"

"काय?"

"सत्यशीला निंदणाले, वेचणीले आमच्या संगं यायची ना. तुमी रातची जे वाचलं, ते तिचं दुसऱ्या दिवशी आमाले सांगनं. कपाशीच्या ओळीत बसली की सुरू. आमचे हात चालत, तिचं तोंड चाले. सुखीबाईच्या वावरात तर बाया भांडत, सत्यशीलाच्या बाजूची ओळ मले पाह्यजे म्हनून."

"कोणकोणती पुस्तकं सांगितली?"

"सगळे. तुमचे ते बोगदे. मधमाशा. तो जहाजावरचा डॉक्टर. पन बर्फवालीसारखं कोनतंच नाई. तिनं थंडी अशी सांगावी, का एप्रिल येऊन राह्यला होता तरी आमी पदर घेत होतो अंगावर."

मी विचारलं, बरोबर सांगायची का.

शीलाबाईंनी जरा विचार केला. "आमाले काय मालूम बरोबर काय ते. चांगलं सांगे."

बोगद्यांचं पुस्तक बायांना चार वर्षांपासून माहीत आहे. म्हणजे त्या रविवारी मी तेच पुन्हा सांगितलं, ते शीलाबाईंना कळलं असणार. त्या काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार

फेरीत गहू साठवण्याच्या पद्धतींवरची सरकारी पुस्तिका सांगितली. ती खरंच वाचली होती, दुकानात. काही आठवत नव्हतं, म्हणून मुखपृष्ठावरचं चित्र सांगितलं.

१७ ऑगस्ट, रविवार

प्रफुल्लला बाजूला घेऊन सांगितलं, दुसरा वाचक पाहा. कारणही सांगितलं. ज्याला वाचलेलं कळत नाही त्यानं लोकांसमोर बसून वाचू नये. महिना झाला, मी रोज तासभर वाचतो आणि मला एक वाक्य सांगता येणार नाही.

प्रफुल्ल म्हणाला, "काका, आम्हांले तर कळते."

"तुम्हांला कळण्याचा प्रश्न नाही. मला कळत नाही."

"पोळा होऊ द्या. मग पाहू."

मी म्हटलं, पोळ्यानंतरचा रविवार शेवटचा. एकतीस तारीख. त्यानंतर मी त्या खुर्चीवर बसणार नाही. तो खाली पाहून हो म्हणाला. मला बरं वाटलं असं नाही. वाईटही वाटलं नाही. एक काम संपलं, एवढंच.

१९ ऑगस्ट, मंगळवार

उत्तमसिंगांची मोटार बांधून झाली. वार्निश केलं, भट्टीत वाळवली, चालवून पाहिली. आवाज स्वच्छ. ते न्यायला आले नाहीत. पुन्हा पाऊस लागला, त्यामुळे घाई नसेल.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा.

दुकान बंद. ते पुस्तक खाली काढलं. पिठाच्या डब्यामागच्या फळीवर होतं. तिनं तिथं का ठेवलं, ते तिलाच माहीत. खूण म्हणून मोटारीतल्या पिवळ्या कागदाची पट्टी घातली होती, ती पान दोनशे चौदावर होती. पुस्तक दोनशे एकतीस पानांचं. अठरा पानं राहिली आहेत.

पान उघडलं. नदी होती. बर्फ होतं. बंद केलं.

पुस्तकाच्या कडांना पिठाचा वास येतो. कागदावर ओल धरते त्यानं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आज बरंच लिहायचं आहे, म्हणून क्रमानं लिहितो.

उत्तमसिंग सकाळी बैलगाडी घेऊन आले, मोटार बसवायला वावरात चला म्हणाले. अवजारांची बॅग घेतली. शीलाबाई त्याच वावरात निंदणाला जाणार होत्या, त्याही गाडीत बसल्या. विहीर तांड्याच्या खालच्या अंगाला आहे. मोटार बसवली, स्टार्टरच्या वायरी नीट केल्या, पाणी काढून दाखवलं. दुपार झाली. बाया कडुलिंबाखाली जेवायला बसल्या होत्या, सात-आठ जणी. सुखीबाईंनी मलाही बसायला लावलं. भाकर आणि अंबाडीची भाजी.

जेवण होतं न होतं तोच सुखीबाई म्हणाल्या, "भाऊ, आता सांगा."

मी म्हटलं, पुस्तक घरी आहे.

शीलाबाई म्हणाल्या, "बॅगेत हाय. मघा पान्हा काढताना पाह्यलं म्या."

होतं खरं. बॅगेत कसं आलं ते नक्की आठवत नाही. चष्मा काढला, तर तो जुना निघाला. नवा दुकानात राहिला असावा. म्हटलं, बघू.

पिवळी पट्टी काढली आणि पान दोनशे चौदा वाचायला लागलो. दोन ओळी झाल्या नसतील, तर शीलाबाईंनी हात वर केला.

"भाऊजी, विहारातल्यावानी नका वाचू ना. वारा सुटला हाय तिथी. वारा कसा येते?"

"वारा सुटला, असं लिहिलेलं आहे. मी तेच वाचलं."

"सत्यशीला वाऱ्याचा आवाज काढे." आणि शीलाबाईंनी स्वतः काढून दाखवला, पदर तोंडाशी धरून. बाया हसल्या. आवाज काढणं मला जमण्यासारखं नाही. पण जरा हळू वाचायला लागलो.

ती बाई नदी ओलांडते. आधी मशीन पुढं ढकलते, दोरीनं. मग स्वतः पोटावर झोपून सरकत जाते, म्हणजे वजन एका ठिकाणी पडत नाही. हे तंत्रदृष्ट्या बरोबर आहे, आणि ते बरोबर आहे असं माझ्या मनात आलं, तेव्हा मी पान दोनशे एकोणीसवर होतो. वाचलेलं मला कळत होतं. मागे जाऊन दोनशे अठरा आठवून पाहिलं. तेही आठवत होतं. म्हणजे दोष चष्म्याचा नव्हता. दिव्याचाही नव्हता. कशाचा होता, ते अजून सापडलेलं नाही.

बाई पलीकडे पोचते. मजुरांच्या लांब खोल्या असतात. शेवटच्या दारातून नवरा बाहेर येतो, कोळशानं काळा झालेला, आणि तिला ओळखतो. आता तो काही मोठं बोलेल असं वाटतं. तो खाली वाकतो, मशीनचं चाक एकदा फिरवून पाहतो आणि विचारतो, "वाटेत तेल दिलं होतंस का?"

एवढंच. पुस्तक संपलं.

बाया एकदम हसायला लागल्या. सुखीबाई तर मागे टेकल्या. एक जण म्हणाली, "झालं, तोच हाय, तोच हाय." शीलाबाई हसता हसता डोळे पुसत होत्या आणि मग नुसत्याच पुसत राहिल्या. मी विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे. इतक्या दिवसांच्या थंडीत तेल गोठतं आणि मशीन जाम होतं, प्रश्न योग्यच आहे. त्यावर त्या आणखी हसल्या.

मग मी विचारलं, "तो कोण? तुम्हांला तो आधीपासून माहीत असल्यासारखं बोलता. पुस्तकात तो शेवटच्या पानावर पहिल्यांदा येतो."

"असं कसं," सुखीबाई म्हणाल्या, "तो तर पयलेपासून हाय ना."

"पहिली बारा पानं नाहीत या पुस्तकाला."

"आमच्यात हायेत."

म्हणून मी विचारलं, काय आहे त्या पानांत. आणि त्यांनी मला सुरुवात सांगितली. एक थांबली की दुसरी सांगायची, मधेच भांडायच्या, असं नोतं व, तसं होतं. मला जितकं आठवतं तितकं लिहून ठेवतो.

एका गावात एक माणूस असतो. तारा गुंडाळायचं काम करतो. कानावर पेन्सिल ठेवतो आणि ती घरभर शोधतो. बोलतो कमी, चुका काढतो जास्त. भाकर करपली तर ती किती करपली ते सांगतो. पण रोज जेवणाआधी पुस्तक काढतो आणि बायकोला वाचून दाखवतो, आणि तेव्हा त्याचा आवाज वेगळा होतो. मग एक दिवस त्याला रेल्वेच्या कामावर बोलावणं येतं. पुस्तक अर्धं राहिलेलं असतं. तो त्यात खूण घालतो आणि म्हणतो, आल्यावर पुढचं वाचू. तो येत नाही. दोन हिवाळे जातात. मग बाई मशीन बांधते आणि निघते.

"नवऱ्यासाठी," मी म्हटलं.

"नवऱ्यासाठी नाई," शीलाबाई म्हणाल्या. "पुढचं ऐकायले."

"तिला वाचता येत नव्हतं का?"

"येत होतं. आमीबी तेच इचारलं होतं. सत्यशीला म्हने, येत होतं व, पन मले त्याच्याच तोंडून ऐकाचं होतं."

"मले, की तिले?"

शीलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तिले," म्हणाल्या. "तिले म्हनत असन. आता आठोत नाई."

एवढ्या कारणासाठी कोणी बर्फातून चालत जाईल, हे पटत नाही. मूळ पुस्तकात असं काही असेल असंही वाटत नाही. पेन्सिल तर नक्कीच नसणार. थंड देशातली माणसं टोपी घालतात, कानावर पेन्सिल राहणार नाही. सत्यशीलानं हे कुठून घेतलं, कळत नाही. सांगितल्याप्रमाणे नोंद केली आहे.

बाया उठून ओळीत गेल्या. मी विहिरीवर जाऊन वायरी पुन्हा तपासल्या. तपासायची गरज नव्हती. पाण्याचा आवाज बराच वेळ ऐकत बसलो. उत्तमसिंग आले आणि माझ्या बाजूला बसले. मग म्हणाले, "भाऊ, तंबाखू?" मी खात नाही. घेतला.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

काम केलं. काही विशेष नाही. उर्वशीनं विचारलं, काय वाचलं. तिला सुरुवात सांगितली, पहिली बारा पानं. लाईन गेली असं वाटून दोनदा हॅलो म्हटलं. मग म्हणाली, "बाबा, पुन्हा सांगा. पेन्सिलपासून." पुन्हा सांगितलं.

३१ ऑगस्ट, रविवार

विहारात गर्दी होती. सुखीबाई आणि उत्तमसिंगही आले होते, पहिल्यांदाच. उर्वशी सकाळच्या एस.टी.नं आली होती. ग्रंथवाचन केलं. आज एक परिच्छेद कळला, मधला. आधीचा आणि नंतरचा नाही. पण तो कळला. ठरल्याप्रमाणे हे माझं शेवटचं वाचन होतं.

फेरी सुरू झाली. शीलाबाईंनी दिवाळी अंकातली तीच कथा सांगितली, या वेळी लिहिणाऱ्याच्या नावासकट आणि माझ्याकडे पाहत. माझी पाळी आली. फेरीत सांगायला दोन पुस्तकं काढून ठेवली होती, दोन्हींची नावं तोंडावर होती. उभा राहिलो. पँटवर हात पुसले.

"मी काही वाचलं नाही," म्हटलं. "ऐकलं."

प्रफुल्लचा खडू फळ्यावर टेकलेला होता, तो तिथंच थांबला. कोणी हसलं नाही. मग तो हळूच म्हणाला, "काका, ऐकलेलं धरत नाही. तुमचाच नियम आहे."

"धरा," मी म्हटलं.

"कोणाच्या नावावर?"

मी सांगितलं. त्यानं लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं, ओळ थोडी वर गेली. मी सांगणार होतो, ओळ सरळ हवी. राहू दिलं.

"आणि पुढं काय?"

पुढचं ठरलेलं नव्हतं. मागून सुखीबाई म्हणाल्या, "ते समुद्रावालं. दिव्याचं. सत्यशीलाबाईनं कबूल केलतं, बर्फवाली झाली का दिव्याचं सांगतो म्हनून." मी म्हटलं, ते दीपस्तंभांचं आहे, गोष्ट नाही, माहिती आहे. त्या म्हणाल्या, "तुमी माहिती वाचा. गोष्ट आमी पाहून घेऊ."

सतरंज्या आवरताना प्रफुल्ल जवळ आला. "उद्या माईक कोनाच्या उंचीले लावू, काका?"

"आहे तसाच राहू दे," म्हटलं.

घरी आलो. उर्वशीनं खिचडी टाकली. मी दीपस्तंभांचं पुस्तक काढून पान एक उघडलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला लागलो. किनारा, खडक, दिव्याची उंची, भिंगाचा व्यास. उर्वशी भांडं न वाजवता ढवळत होती. चार पानं झाली. घसा कोरडा पडला, आवाज जरा खाली आला.

भिंतीवर पलीकडून कोणीतरी बोटांनी वाजवलं. मग शीलाबाईंचा आवाज आला.

"भाऊजी, जरा जोरात."